जायची टाकी, यायची टाकी

तू गेल्यापासून घरात माणसांची रीघ लागली आहे, दादूस. दिघीहून आले, आगरदांड्याहून आले, मुरूडचे बर्फवाले आले. ओटीवर बसतात, वयनीने दिलेला काळा चहा पितात आणि तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. काशिनाथ तांडेल मोठ्या मनाचा होता. काशिनाथ तांडेलाने कुणाला कधी नाही म्हटलं नाही. मी आत चुलीपाशी बसून ऐकते आणि मनात म्हणते, हे कुणाबद्दल बोलतायत? माझा भाऊ तर सारखा नाही म्हणायचा. पिंपाला नाही म्हणालास, पांढऱ्या पत्र्याला नाही म्हणालास, मुंबईहून आलेल्या मिस्त्रीच्या एका मोठ्या टाकीला नाही म्हणालास. मला तर किती वेळा म्हणालास. इतका हट्टी, इतका चिकित्सक माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्या हट्टाचं मला मनातून केवढं कौतुक होतं हे तुला कधी सांगितलं नाही. म्हणून आज तुझ्याशी टाकीबद्दलच बोलते. बाकीचं ओटीवरचे बोलतायत.

बापूस गेला तेव्हा होडी तुझी झाली. रीतच तशी. मी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवरा तापाने गेला म्हणून परत आलेली, माझं काय असणार? पण तू पंचांसमोर उभा राहिलास आणि म्हणालास, "होडी दोघांची हाय. मी मासळी आणीन, बाय इकंल. तिचं नाव माझ्या नावाबरोबर लावा." पंचांतले एक म्हातारे म्हणाले, "अरं, बाईमाणसाला होडीतलं काय कळतं?" तू म्हणालास, "मासळीतलं कळतं. होडी मासळीसाठीच हाय ना?" झालं. पंचांनी दोघांची नावं लावली. त्या दिवसापासून मी होडीबद्दल बोलायला लागले ती बोलतच राहिले, आणि तूही कधी गप्प बस म्हणाला नाहीस. नाही म्हणालास, पण गप्प बस कधी म्हणाला नाहीस.

नवाबाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. मच्छीमारांच्या सोसायटीमार्फत होड्यांना इंजिनं मिळायला लागली. आपल्या बंदरात पहिलं इंजिन महादू तांडेलाने बसवलं. त्याचं आणि तुझं आधीपासून जमत नव्हतं, डोलीची, समुद्रात एका जागी बांधून ठेवायची जाळी कुणी कुठे लावायची त्यावरून. महादूने घाईने काम उरकलं. रिकामं पिंप आणलं, माशांच्या खणात आडवं टाकलं, त्याला नळी जोडली, झाली टाकी. शीड आणि डोलकाठी काढून घरामागे ठेवली. त्याची होडी धडधड करत खाडीबाहेर पडली तेव्हा सगळा कोळीवाडा बघायला आला होता. तूही आला होतास. घरी येताना म्हणालास, "इंजिन चांगलं हाय. पिंप न्हाय."

मला पिंपाचं दुःख वेगळ्याच कारणाने कळलं. मुंबईचा व्यापारी बर्फ घेऊन लाँच पाठवायचा. त्याचा माणूस पाटीतला मासा उचलायचा, नाकाला लावायचा आणि मग बोलायचा. महादूच्या बायकोची पाटी त्याने नाकाला लावली आणि तशीच मागे सरकवली. पापलेट ताजं होतं, डोळे चकचकीत होते, पण डिझेलचा वास मारत होतं. ती बिचारी पाटी घेऊन उभीच राहिली. त्या दुपारी मी घरी येऊन तुला सांगितलं, "इंजिन बसव, नायतर नको बसवू. पण माझ्या खणात टाकी येणार न्हाय."

आपलं इंजिन आलं तेव्हा त्याच्याबरोबर मिस्त्रीही आला. त्याने होडी मापली आणि सांगितलं, टाकी मधल्या खणातच पाहिजे. खाली, मधोमध. वजन मध्ये राहिलं म्हणजे होडी डोलणार नाही. एकच मोठी टाकी करा, दूरवर जाता येईल. तुला ते पटत होतं, मला दिसत होतं. मी म्हटलं, "मागं ठेवा. इंजिनाच्या पाठीमागं." तू म्हणालास, "मागं सगळं वजन गेलं तर पुढची नाळ वर उठंल. लाटेवर होडी आपटंल." मी म्हटलं, "मंग मासळी काय डोक्यावर घेऊन येणार?" मिस्त्री एकदा तुझ्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. शेवटी म्हणाला, तुम्ही भावंडं काय ते ठरवा, मी मुरूडला जाऊन येतो.

त्यानंतर तू जे केलंस ते बघून लोक हसले. मीही हसले. तू पाण्याचं पिंप होडीत चढवलंस आणि आधी मधोमध, मग मागे, मग बाजूला ठेवून खाडीच्या तोंडापर्यंत शीड लावून जाऊन आलास. भरलेलं पिंप घेऊन गेलास, अर्धं घेऊन गेलास. बंदरावरचे म्हणायचे, काशिनाथ समुद्राला पाणी पाजायला चाललाय. एक दिवस परत आलास आणि ओल्या कपड्यांनीच मला सांगायला लागलास, "बाय, भरलेलं पिंप काय करत न्हाय. अर्धं पिंप वाईट. होडी कलली की पाणी धावतं त्या अंगाला, आन् होडीला आणखी दाबतं. ती उठायला बघते तर हे उठू देत न्हाय." तू हाताने दाखवत होतास, तळहात होडीसारखा वाकडा करून. टाकी म्हणजे नुसतं तेलाचं भांडं नव्हे, आत काहीतरी हलणारं आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग त्यात आडवे पडदे घालायचे तुझ्या डोक्यात आलं. पत्र्याचे पडदे, खाली भोकं ठेवून, म्हणजे तेल जाईल पण धावणार नाही.

पत्र्याचीही तीच तऱ्हा. मुरूडचा पत्रेवाला म्हणाला पांढरा जस्ताचा पत्रा घ्या, गंजत नाही, वर चकाकतोही छान. तू मुंबईच्या गोदीत कुणाकडून तरी ऐकलं होतंस की जस्त आणि डिझेलचं पटत नाही. पण ऐकलेल्यावर तुझा भरवसा नव्हता. दोन बरण्या आणल्यास, दोन्हींत डिझेल ओतलंस, एकीत पांढऱ्या पत्र्याचा तुकडा टाकलास, दुसरीत काळ्या. पावसाळाभर त्या बरण्या वयनीच्या फळीवर, मिठाच्या शेजारी. वयनी रोज म्हणायची, "ह्यो वास भातात जातो." तू म्हणायचास, "जरा दम धर." नारळी पौर्णिमेच्या सुमाराला पांढऱ्या पत्र्याच्या बरणीत तळाला पांढुरका साका धरला होता. तू ती उजेडात धरून आम्हाला दाखवलीस, जसं काही तुला त्यात मोती सापडला होता. "ह्यो साका नळीत गेला की इंजिन बंद," म्हणालास. टाकी काळ्या पत्र्याची करायची ठरली, बाहेरून जाड रंग देऊन.

राहिलं आपलं भांडण. टाकी कुठे? ते कसं मिटलं ते मला नीट आठवतं. आपण जेवत होतो. मी म्हटलं, "माझा खण मी देत न्हाय." तू म्हणालास, "मागं मी ठेवत न्हाय." वयनी वाढत होती. ती म्हणाली, "मी दोन हंडे आणते तवा एक या कमरेला आन् एक त्या कमरेला न्हाय का घेत? तुमची एकच टाकी हवी असं कुणी सांगितलं?" तू घास हातात धरून बसून राहिलास. मग जेवण टाकून उठलास आणि कोळशाने भिंतीवर होडी काढलीस. इंजिनाच्या दोन्ही अंगांना, होडीच्या कुशीला चिकटून, दोन चपट्या टाक्या. मध्ये इंजिन. पुढे फळ्यांची भिंत, आणि भिंतीपलीकडे माझा खण, पुरा मोकळा. घराची ती कोळशाची भिंत वयनीने पुढे कित्येक दिवस सारवली नाही.

मिस्त्री म्हणाला दोन्ही टाक्या नळीने जोडून घ्या, म्हणजे तेल दोन्हीकडे सारखं राहील. तू परत नाही म्हणालास. "होडी कलली की सगळं तेल एका टाकीत जाईल. आन् एकीत पाणी गेलं, घाण गेली, तर दुसरीबी नासंल." दोन टाक्या, दोन तोट्या. एका वेळी एकच उघडायची. आणि मग तू तो नियम केलास. उजवी टाकी जायची, डावी यायची. उजवीवर समुद्रात जायचं, जाळी टाकायची, काढायची. डावीला हात लावायचा तो होडीचं तोंड घराकडे वळल्यावरच. उजवी संपत आली की मासळी मिळो न मिळो, वळायचं. डोलकाठी आणि शीड तू काढू दिलं नाहीस. पांडू, आपला सगळ्यांत जुना खलाशी, होडीचा धनी म्हणून तुला नाखवा म्हणणारा, म्हणाला, "आता इंजिन हाय, कशाला ह्ये ओझं?" तू म्हणालास, "इंजिनाला तेल लागतं. शिडाला काय लागत न्हाय."

पहिल्या फेरीनंतर तू फळ्यांच्या भिंतीला अगदी चिकटून ठेवलेलं पापलेट घरी आणलंस. वयनीला सांगितलंस, मसाला नको, नुसत्या मिठाच्या पाण्यात शिजव. ते माझ्यापुढे ठेवून समोर बसलास. "खा, आन् सांग."

मी खाल्लं. तू माझ्या तोंडाकडे बघत होतास.

"काय?"

"मीठ कमी हाय," मी म्हटलं.

इतका हसलास तू. शेजारचे बघायला आले, काय झालं म्हणून.

त्या टाक्यांवर आपण कितीतरी हंगाम काढले. लोक येऊन बघून जायचे. काहींनी तशाच करून घेतल्या. तू प्रत्येकाला होडीत उतरवून सगळं दाखवायचास, तळाची तोटी उघडून वाटीत थोडं डिझेल काढायचास, पाणी आलंय का ते बघायला शिकवायचास. महादू मात्र कधी आला नाही. तूही त्याला बोलावलं नाहीस.

आणि मग तो थंडीतला दिवस. पहाटेचा मतलई वारा, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, रोज ऊन चढलं की पडतो. त्या दिवशी पडला नाही, वाढतच गेला. होड्या एकेक करून परत आल्या. आपली आणि महादूची राहिली. आलेल्यांतल्या एकाने सांगितलं, महादूचं इंजिन बंद पडलंय, नांगराचा दोर तुटलाय, वारा त्याला बाहेर नेतोय. आम्ही त्याच्याकडे होडी वळवायला बघितलं, तो म्हणाला, पण आमचं तेल घरापुरतंच होतं. वाटेत काशिनाथ भेटला, त्याला सांगितलं. त्याने होडी फिरवली.

पुढचं मला पांडूने सांगितलं, तू नाही. तू घराकडे निघाला होतास, डावी टाकी नुकतीच उघडली होती. बातमी ऐकून सुकाणू फिरवलंस तेव्हा पांडू म्हणाला, "नाखवा, ही यायची टाकी हाय."

तू म्हणालास, "व्हय. घरी यायची. त्यांनाबी घरीच यायचंय."

वाऱ्याबरोबर तुम्ही बाहेर गेलात, किनारा दिसेनासा होईपर्यंत. महादूची होडी सापडली तेव्हा त्याची माणसं आत आलेलं पाणी उपसत होती. पिंपाच्या तळातली घाण नळीत जाऊन इंजिन गच्च झालेलं. तू दोर फेकलास. महादूने तो धरला, पण तुझ्याकडे बघितलं नाही म्हणे. त्याची होडी ओढत वाऱ्याच्या विरुद्ध परत यायचं म्हणजे तेल दुप्पट जाळायचं. वाटेतच डावी टाकी कोरडी झाली. इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. तोवर सुदैवाने वारा फिरला होता. तुम्ही शीड चढवलंत.

इकडे किनाऱ्यावर आम्ही सगळ्या. महादूची बायको; आपल्या खलाशांच्या तिघी, म्हणजे पांडूची बायको, आणखी एक आणि तान्हं मूल घेतलेली भीमी; वयनी आणि मी. आम्ही इंजिनाचा आवाज ऐकायला कान लावून बसलो होतो. आवाज आलाच नाही. दिवेलागणीच्या सुमाराला एक शीड दिसलं. वयनी आधी उठली. मग शिडाच्या मागे दोराला दुसरी होडी दिसली. सगळ्या पाण्यात धावल्या. मी धावले नाही. मी वाळूतच बसले, आणि तू गुडघाभर पाण्यातून चालत माझ्यापर्यंत आलास तेव्हा तुला काय बोलले ते तुला आठवत असेल.

"तुझा नियम तूच मोडलास," मी म्हटलं. "ती टाकी तुझ्या एकट्याची व्हती काय? या तिघी बायका इथं उभ्या व्हत्या. त्यांना कुणी इचारलं?"

तुझे ओठ मिठाने फुटले होते. बाजूने महादू गेला, त्याच्या बायकोचा हात धरून. माझं बोलणं त्याने ऐकलं. थांबला, तुझ्या पायाशी वाकला. तू त्याला धरून उभं केलंस आणि म्हणालास, "उद्या ये. टाकी दाखवतो."

लोकांना त्या दिवसातलं एवढंच आठवतं, वाकलेला महादू आणि उभं करणारा तू. ओटीवर आजही तेच चाललंय, आणि खरंच आहे ते. पण माझ्या मनात तू त्याहून मोठा झालास तो पुढच्या हंगामाला, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. होडी पाण्यात ढकलायच्या आधी तू आपल्या प्रत्येक खलाशाच्या घरी गेलास. दारात बसलास आणि त्याच्या बायकोला विचारलंस, "परत तशी वेळ आली तर यायची टाकी दुसऱ्यासाठी जाळू का? तू सांगशील तसं." नवरे संकोचून बाजूला उभे राहिले. कोळीवाड्यात होडी नेणाऱ्या कुठल्या तांडेलाने असं कुणाला विचारलं होतं? पांडूची बायको म्हणाली, जाळा. दुसरी रडली आणि मग जाळा म्हणाली. भीमी म्हणाली, "न्हाय. माझा माणूस घरी आला पायजे. मी खोटं कशाला बोलू?"

तू तिला समजवायला गेला नाहीस. तिच्या नवऱ्याला होडीवरून काढलंही नाहीस. "बरं," म्हणालास. आणि त्या दिवसापासून डिझेलचा एक वेगळा डबा इंजिनापाशी फळीखाली बांधून ठेवायला लागलास, बंदरापर्यंत येता येईल इतकं तेल असलेला. खलाशी त्याला भीमीचा डबा म्हणत. तो कशालाही उघडायचा नाही, दोन्ही टाक्या कोरड्या झाल्या आणि शीडही फाटलं तरच. एका बाईच्या 'नाही'ला तू होडीत जागा करून दिलीस, दादूस. माझ्या खणाला दिलीस तशीच.

एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहिली. त्या संध्याकाळी मी तुझ्यावर ओरडले ते नियमासाठी नव्हतंच. तो तिघींचा मुद्दा खरा होता, पण तो मला ओरडता ओरडता सुचला. मी ओरडले कारण तू जिवंत दिसलास. शीड दिसेपर्यंत मी तुला मनातल्या मनात निरोप देऊन बसले होते, आणि तू चालत समोर आलास, ओला, दमलेला, नेहमीसारखा. त्याचं मी काय करणार होते? भावाच्या गळ्यात पडायची आपल्यात रीत नाही. तू मात्र माझं रागाचं बोलणं खरं धरलंस, पावसाळाभर त्यावर विचार केलास आणि माणसांच्या दारोदार गेलास. मी सांगितलं असतं की बाबा, मी नुसती घाबरले होते, तर कदाचित तू गेलाच नसतास. म्हणून नाही सांगितलं तेच बरं झालं असं कधी कधी वाटतं. कधी कधी वाटतं, सांगायला हवं होतं.

अलिबागच्या दवाखान्यात तुझ्या छातीतलं पाणी काढलं तेव्हा तू हळू आवाजात डॉक्टरला विचारलंस, सगळं काढलं की थोडं ठेवलं? तो हसला. त्याला कळलं नाही. मला कळलं, तू अजून टाकीचाच हिशेब करत होतास, आणि मी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर तू माझा हात घेतलास, नुसता धरून ठेवलास. आपण दोघं कधी इतका वेळ न भांडता बसलो नव्हतो.

काल तुझं सगळं कार्य आटोपलं. बरेच पाहुणे पांगले, थोडे अजून ओटीवर आहेत. आज दुपारी पांडू आणि बाकीचे खलाशी अंगणात आले. ओटीवर कुणी चढेना. मी बाहेर आले तर पांडू डोक्याचं फडकं सोडून हातात धरून उभा.

"उद्या भरती चांगली हाय," तो म्हणाला. "होडी काढायची का?"

मला वाटलं तो वयनीला विचारतोय. मी मागे वळून तिच्याकडे बघितलं. ती दाराला टेकून उभी होती. म्हणाली, "तुलाच इचारतायत, बाय."

मी परत अंगणाकडे वळले. पांडूच्या मागे भीमीचा नवरा होता, त्याच्यामागे आणखी एक. सगळे वाट बघत होते, कुणाला घाई नव्हती.

"वारा कसा हाय?" मी विचारलं.

"पडलेला हाय. उद्याबी असाच राहील."

"जाळी बघितली?"

"बघितली."

"मंग काढा," मी म्हटलं.

पांडूने फडकं झटकलं आणि डोक्याला परत बांधलं. "व्हय, नाखवा," तो म्हणाला, आणि बाकीच्यांना घेऊन बंदराकडे निघाला.